‘तुझं ऑनलाइन आहे ना!’ म्हणून ठेव मोडायची का?

पत्र

ताई, नमस्कार. माझं माहेर चिपळूणचं, सासर दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगत. लग्नानंतर आम्ही डोंबिवलीला राहायचो. मिस्टर एका ट्रॅव्हल कंपनीत तिकीट बुकिंगला होते. मार्च २०२० मध्ये ऑफिस बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. मे महिन्यात पास काढून गावी आलो, चौदा दिवस शाळेत क्वारंटाइन राहिलो आणि घरी येऊन स्थिरावतो न स्थिरावतो तोच निसर्ग वादळ आलं. वाडीतले नारळ, पोफळी आडव्या झाल्या, पडवीचे पत्रे उडाले, लाइट महिनाभर नव्हती. तोपर्यंत मिस्टरांच्या पीएफमधून काढलेल्या पैशांवर आणि रेशनच्या धान्यावर निभावलं. ऑगस्टमध्ये एका मैत्रिणीमुळे मला ऑनलाइन कामं मिळायला लागली. मराठी-हिंदी ऑडिओ ऐकून टाइप करायचं, व्हिडिओला सबटायटल्स द्यायची, कधी फोटोतल्या गाड्यांभोवती, माणसांभोवती चौकोन काढायचे. २०२१ मध्ये महिन्याला दहा-बारा हजार मिळत. मुलाची फी, सासऱ्यांची औषधं त्यातून झाली. तेव्हा टायपिंगला ऑडिओच्या मिनिटामागे वीस रुपये होते. आता मशीनने टाइप केलेलं तपासायचं काम येतं, मिनिटाला सात रुपये. महिन्याचे चार हजार झाले तरी खूप.

२०२२ पासून आम्ही घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे बरा जातो. आता मिस्टरांना मागच्या बाजूला आणखी दोन खोल्या काढायच्या आहेत. गावातल्या पतसंस्थेत आमची एक लाख साठ हजारांची ठेव आहे, ती मोडायची आणि वरचं कर्ज काढायचं म्हणतात. गाठीला तेवढंच आहे. घरखर्च अठरा हजारांच्या आसपास. मी म्हटलं, पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर? तर म्हणाले, ‘तुझं ऑनलाइन आहे ना!’ दिरांनाही ते पटलं. नणंद तर म्हणते, मलाही तुझ्या खात्यावर काम दे. सासूबाई तेवढ्या म्हणतात, रात्री एक-एक वाजेपर्यंत डोळे फोडून घेतेस ते बंद कर. माझं काम खरंच एवढं भरवशाचं आहे का? नवा लॅपटॉप घेऊन यातच जोर लावू का?

– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर

ठेव मोडू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी सांगून टाकते, कारण मे महिन्याच्या आधी खोल्या उभ्या करायच्या म्हणून घरात घाई चालली असणार.

तुमच्या पत्रातल्या तारखा पुन्हा वाचा. नोकरी गेली मार्चमध्ये आणि तुमचं पहिलं ऑनलाइन काम आलं ऑगस्टमध्ये. मधले पाच महिने चूल कशावर पेटली? पीएफवर आणि रेशनवर. मार्च २०२० च्या अखेरीस सरकारने कोविडसाठी म्हणून पीएफमधून तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातली जी रक्कम कमी असेल ती काढायला मुभा दिली. एप्रिलपासून रेशन कार्डावर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळायला लागलं. यजमानांच्या पगारातून वर्षानुवर्षं कापून ठेवलेला तो पैसा आणि ते धान्य, यांना लाइट लागत नव्हती की रेंज लागत नव्हती. ऑनलाइन कामाने तुमचं घर सावरलं हे खरंच आहे. पण ते सावरलं पाच महिन्यांनंतर. घरातल्या मंडळींच्या आठवणीत मात्र दहा-बारा हजारांचा तो बरा काळच राहिलाय. संकट सरलं की माणसाला शेवटचा आधार आठवतो, पहिला विसरतो.

आता कोकणापुरतं बोलते. कोरोनाने आपल्याकडे एसटी बंद केली, बाजार बंद केला, आंब्याच्या पेट्या अडवल्या, पण वीज आणि इंटरनेट सोडलं. म्हणूनच तुम्ही खोलीत बसून कुठल्यातरी परक्या शहरातल्या माणसाचं काम करू शकलात. कोकणातली इतर संकटं इतकी दयाळू नसतात. ती आधी विजेचे खांब पाडतात. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला धडकलं आणि दापोली-मंडणगडात काय झालं ते तुम्ही स्वतः भोगलंय. लाइट महिनाभर नव्हती असं तुम्हीच लिहिताय. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं. २२ जुलै २०२१ ला तुमच्या माहेरी, चिपळुणात, पाणी शिरलं तेव्हा तिथे कोणाचा लॅपटॉप कामाला आला असता? आणि २०२० मध्ये तर दोन संकटं हातात हात घालून आली होती. महामारीत वादळ. त्या जूनमध्ये तुमच्याकडे जगातलं सर्वात चांगलं ऑनलाइन काम असतं, तरी ते करता आलं नसतं. दोन कंपन्यांची सिम ठेवा, इन्व्हर्टर ठेवा, चार तासांच्या लोडशेडिंगला ते पुरेल. टॉवरच कोसळला तर नाही पुरणार.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. संकट तुमच्या एकटीवर आलं तर ऑनलाइन काम उपयोगी पडतं, कारण बाकीच्या जगाचं कामकाज चालू असतं. पण महामारीसारखं संकट सगळ्यांवर एकदम येतं, आणि मग नोकरी गेलेले सगळेच त्याच दाराशी येऊन उभे राहतात. पुण्यातला बेकार इंजिनिअर, फिलिपिन्समधली शाळामास्तरीण आणि तुम्ही, तिघं एकाच यादीत. दर वाढायचं काही कारणच उरत नाही. त्यात नव्याला खातं उघडा, कागदपत्रं द्या, चाचणी द्या, रेटिंग मिळेपर्यंत पडेल त्या दराने करा, हे सगळं असतंच. यातला एक तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, तो पुढे घेते.

आधी हिशेब. तुम्ही महिन्याची बेरीज सांगितलीत, तासाचा दर काढलाय का कधी? साठ मिनिटांचा ऑडिओ टाइप करायला सरावलेल्या हातालाही पाच-सहा तास लागतात, वर दुरुस्तीचा एखादा. वीस रुपयांच्या काळात सात तासांचे बाराशे मिळत, म्हणजे तासाला साधारण १७०. काम शोधण्यात, वाट बघण्यात आणखी दोन तास गेले की तेच १३३ वर येतं. आता सात रुपयांत मशीनचं तपासायचं. ऑडिओ स्वच्छ असेल तर तीन तासांत उरकतं आणि तासाला १४० पडतात. पण मोबाइलवर भर वाऱ्यात रेकॉर्ड केलेली मुलाखत आली, मशीनने ‘खलाशी’चं ‘खुशाली’ करून ठेवलं, बोटीच्या इंजिनच्या आवाजात प्रत्येक वाक्य तीनदा मागे घ्यावं लागलं, तर पाच तास मोडतात आणि तासाला ८४ रुपये पडतात. रात्री एक वाजेपर्यंत बसून. वर कुठलं संकेतस्थळ कमिशन घेत असेल तर ते वेगळं, फायव्हरसारखं ठिकाण काम करणाऱ्याच्या कमाईतले २० टक्के ठेवून घेतं.

दर का पडला हेही समजून घ्या, म्हणजे स्वतःला दोष देणार नाही. तुमच्यासारख्या हजारो जणींनी ऐकून टाइप केलेल्या मजकुरावरच ही बोललेलं लिहिणारी यंत्रं शिकली. आता ती पहिला खर्डा स्वतः काढतात. केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये भारतीय भाषांच्या यंत्र-भाषांतरासाठी ‘भाषिणी’ हे व्यासपीठ सुरू केलं. स्वच्छ, पुस्तकी मराठीचं टायपिंग आता परत वीस रुपयांवर जाईल अशी आशा धरू नका. तग धरेल ते यंत्राला अजून नीट न जमणारं काम. इथल्या बाणकोटी बोलीतलं बोलणं, हर्णै बंदरातल्या लिलावाची गडबड, वाडीवस्त्यांची नावं, म्हाताऱ्या माणसाचं दात नसलेलं मराठी. हे तुमच्या कानाला कळतं. प्रोफाइलमध्ये ‘मराठी’ एवढंच न लिहिता हे सविस्तर लिहा.

आता ठेव आणि चार हजार एकत्र मांडून बघू. अठरा हजारांच्या खर्चाला एक लाख साठ हजार जेमतेम नऊ महिने पुरतात. त्या काळात तुमचं काम चालू राहिलं आणि चार हजार येत राहिले, तर ठेवीतून चौदाच काढावे लागतील आणि तीच रक्कम अकरा महिन्यांवर जाईल. हा तुमच्या कामाचा खरा उपयोग. ठेव असली तर ते तिला दोन महिन्यांनी लांबवतं. ठेवच नसली तर अठरा हजारांच्या खर्चासमोर चार हजार घेऊन तुम्ही पहिल्याच महिन्यात वाण्याकडे उधारी लिहाल. यजमानांना हे एवढं आकड्यांत दाखवा. ते बुकिंगच्या धंद्यातले आहेत, आकडा त्यांना लगेच कळेल.

त्यांना आणखी एक विचारा. २०२० मध्ये सगळ्यात आधी काय बंद पडलं? त्यांचीच ट्रॅव्हल कंपनी. पर्यटन पहिलं बंद होतं आणि शेवटी उघडतं. खोल्या हा धंदा म्हणून वाईट नाही. तुमच्या किनाऱ्याला गर्दी वाढतेय आणि त्यांचा अनुभवही त्यातलाच आहे. पण संकटात जो धंदा पहिला झोपणार, त्यातच संकटासाठी ठेवलेला पैसा घालायचा, आणि वर कर्ज काढायचं, म्हणजे महामारी आली की खोल्या रिकाम्या, ठेव संपलेली आणि हप्ता दारात. तेव्हा ‘तुझं ऑनलाइन’ अठरा हजारांचं घरही चालवणार आणि हप्ताही भरणार? भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते यालाच.

खोल्या काढायच्याच असतील तर आधी एक काढा, आणि ती तुमच्या नावावरच्या व्यवसायात. राज्याच्या पर्यटन संचालनालयाचं महिलांसाठी ‘आई’ नावाचं धोरण २०२३ पासून आहे. त्यात महिलेच्या मालकीच्या आणि तिने चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज, अटी पाळल्या तर, संचालनालय परत देतं. हप्ता मात्र वेळेवर आधी तुम्हालाच भरावा लागतो, परतावा मागाहून येतो. अर्ज करण्याआधी बँकेच्या मॅनेजरला तोंडी विचारून घ्या. नोंदणीचे कागद नीट करायला या निमित्ताने मुहूर्त लागेल. दोन वर्षं विनानोंदणी खोल्या देणारी बरीच घरं मला माहीत आहेत, तुमचं त्यात नसेल अशी आशा करते.

घरच्यांच्या त्या वाक्याबद्दल थोडं बोलायला हवं. ‘तुझं ऑनलाइन आहे ना’ म्हणताना कौतुक असेलही. पण त्याचा व्यवहारी अर्थ असा की संकटनिधी म्हणजे तुमच्या रात्री. ठेव आजारी पडत नाही, तुम्ही पडू शकता. २०२१ च्या एप्रिलमधल्या लाटेत तुम्ही पंधरा दिवस अंथरुणाला खिळला असतात तर त्या पंधरा दिवसांचे पैसे कोणी दिले असते? या कामाला रजा नाही, पीएफ नाही, आजारपणाचा भत्ता नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यात गिग म्हणजे सुटी कामं करणाऱ्या आणि ॲप-संकेतस्थळांवरून काम घेणाऱ्या प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या निधीत टाकायचे अशी तरतूदही आहे. पण परदेशी संकेतस्थळावर तुकड्या-तुकड्याने काम करणाऱ्या तुमच्यापर्यंत तो पैसा पोचेल असं धरून चालू नका. असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं ई-श्रम कार्ड मात्र काढून ठेवा, पैसे पडत नाहीत. आणि बँकेत गेलातच तर जीवनज्योती विमा ४३६ रुपये आणि सुरक्षा विमा २० रुपये, दोन्ही वर्षाचे, दोघांच्याही नावे चालू करा. कोविडमध्ये ज्यांच्या घरातला कमावता गेला त्यांना जीवनज्योतीतून मिळणाऱ्या दोन लाखांची किंमत ठाऊक आहे.

मग हे काम सोडायचं का? मुळीच नाही. इथे तुमच्या बाजूचा तो मुद्दा येतो. तुमच्याकडे जुनं खातं आहे, रेटिंग आहे, पैसे येण्याची वाट तयार आहे. उद्या पुन्हा दारं बंद झाली तर नवे लोक चाचण्या देत असतील तेव्हा तुम्ही पहिल्या दिवशी काम उचलाल. आगोट कशी मिरगाच्या आधी भरतात, सुकी मासळी, लाकडं, पापड-फेण्या, पाऊस सुरू झाल्यावर कोणी बाजारात धावत नाही, तसंच हे खातं आहे. सुकाळात जिवंत ठेवायचं. आठवड्याला सात-आठ तास त्याला पुरेत.

ते तास रात्रीचे नकोत. सासूबाईंचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. जून ते सप्टेंबर तुमच्या खोल्या तशाही रिकाम्या असतात, गणपतीत चाकरमानी येतात ते आपापल्या घरी. तेव्हा दुपारी काम वाढवा. मे आणि नाताळात खातं थंड राहू दे. दिवसा रेंज नसते असं म्हणाल, तर ऑडिओ पहाटे उतरवून घ्यायचा आणि टाइप ऑफलाइन करायचं, काम पाठवायला दहा मिनिटं रेंज मिळाली की झालं.

सगळं एका संकेतस्थळावर ठेवू नका. तिथला नियम बदलला, एखाद्या तपासणीत खातं अडकलं, तर दाद मागायला समोर माणूस नसतो. डॅशबोर्डवर दिसणारी रक्कम बँकेत आल्याशिवाय आपली धरू नये, किमान मर्यादा गाठली की काढून घ्यायची. त्यापेक्षा मुंबई-पुण्यातले सबटायटल्सवाले एक-दोन स्टुडिओ थेट गाठा. दर जास्त मिळतो आणि फोन उचलणारं कोणी असतं. तिथून टीडीएस कापला गेला, तर वर्षाअखेरी रिटर्न भरा, तुमच्या उत्पन्नाला तो बहुतेक सगळा परत मिळेल. गावातलंही एक काम आहे. तुमच्या वाडीत खोल्या देणारी आणखी घरं असतीलच. त्यांचे फोटो, गूगल मॅपवरची नोंद, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या चौकशांना उत्तरं, हे महिना ठरवून तुम्ही करू शकता, यजमान दरपत्रक सांभाळतील. महामारीत हे बंद पडेल, मान्य. पण चांगल्या दिवसांत यातून ठेव वाढेल, आणि सध्या तेच हवंय.

नणंदबाईंना तुमच्या खात्यावर बसवू नका. चाचणी दिलेली एक व्यक्ती आणि काम करणारी दुसरी, हे उघड झालं की खातं जातं, रेटिंगसकट. त्यांना स्वतःचं उघडून द्या. आणि त्या स्वतः शोधायला लागल्या तर एवढंच सांगून ठेवा की काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो तो काम देत नाही. रजिस्ट्रेशन फी भरा, अमुक पानं टाइप करा, मग ‘तुमचं काम क्वालिटीत नापास झालं, करार मोडला, कोर्टाची नोटीस पाठवतो’ असे फोन, ही फसवणूक लॉकडाऊनमध्ये फार चालली, अजून चालते. असल्या नोटिशीला घाबरून पैसे भरायचे नाहीत. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करायचा, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे पैसे देतो म्हणणारे आणि तुमचं बँक खातं भाड्याने मागणारे यांच्याही वाटेला जाऊ नये. दुसऱ्यात तर पोलीस तुमच्याच दारी येतात.

नवा लॅपटॉप आत्ता नको. टाइप करायला आणि सबटायटल्सला भारी यंत्र लागत नाही. बॅटरी बदला, मेमरी वाढवून घ्या, जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. पैसे खर्च करायचेच तर कान झाकणाऱ्या चांगल्या हेडफोनवर करा, वाऱ्याच्या आवाजातल्या मुलाखतीला त्यानेच तास वाचेल.

राहता राहिली ती ठेव. ती पतसंस्थेत आहे, हे मला पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाटलं. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, फेब्रुवारी २०२० पासून माणशी, प्रत्येक बँकेमागे, पाच लाखांपर्यंत. सहकारी बँकांनाही ते आहे. पतसंस्थेला नाही. व्याज जरा जास्त मिळतं म्हणून गावातले लोक तिथे ठेवतात, संचालक ओळखीचे असतात म्हणूनही ठेवतात. तुमची ठेव कधी पिकते ती तारीख आज पावतीवर बघा. त्या दिवशी ती आपोआप पुन्हा गुंतू देऊ नका. रक्कम दापोलीतल्या राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात न्या, आणि एका पावतीऐवजी चाळीस-चाळीस हजारांच्या चार करा, म्हणजे अडीनडीला एकच मोडावी लागेल. खातं दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही’ असं लिहून घ्या. फॉर्मवर नॉमिनीचा रकाना भरल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.